तीन थेंबांवर बेतलेला आहार: घरबसल्या होणाऱ्या अन्न-संवेदनशीलता चाचणीचे परीक्षण

माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या वर्गशिक्षिकांनी त्या वर्षात तिसऱ्यांदा भेटायला बोलावले, त्याच आठवड्यात मी हा चाचणी-संच मागवला. मुलगा बाकावर पाच मिनिटे टिकत नाही, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडतो, हातातले काम अर्धे टाकून उठतो, या तक्रारी मला नव्या नव्हत्या. नवी होती ती एका जाहिरातीतली ओळ, की मुलांच्या चंचलतेचे मूळ त्यांच्या ताटात असू शकते आणि बोटातल्या रक्ताचे तीन थेंब ते शोधून देऊ शकतात. सेवेचे नाव मी लिहीत नाही. अशा सेवा वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात आणि त्यांची घडण जवळपास सारखीच असते, त्यामुळे खाली जे लिहिले आहे ते एका डब्यापुरते मर्यादित नाही.

पैसे मोजून मिळाले ते असे: रक्त घेण्याचा संच, सव्वाशे खाद्यपदार्थांचा रंगीत अहवाल, त्यावरून आखलेला पाच आठवड्यांचा वर्ज्य-आहार, आहारतज्ज्ञांशी व्हिडिओवरून दोन भेटी, आणि पालकांनी रोज मुलाच्या वागण्याला एक ते दहा गुण द्यावेत यासाठी एक ॲप. यांखेरीज डब्याच्या तळाशी दिनचर्या लिहिण्याचे काही कोरे तक्ते होते. त्यांच्याकडे मी पहिले काही दिवस पाहिलेही नाही.

संचाबद्दल तक्रार नाही. सुई लहान होती, सूचना चित्रांसह स्पष्ट होत्या, रक्त टिपण्याच्या कागदावर किती थेंब कुठे पडले पाहिजेत हे नीट आखलेले होते. मुलाने डोळे घट्ट मिटून बोट पुढे केले आणि टोचून झाल्यावर विचारले, ‘‘आता माझं रक्त सांगणार का मी असा का वागतो ते?’’ मी हो म्हणाले. त्या ‘हो’चा मला आज संकोच वाटतो.

दहा दिवसांनी अहवाल आला. लाल म्हणजे पूर्ण बंद, पिवळे म्हणजे क्वचित आणि हिरवे म्हणजे मोकळीक. लाल रकान्यात दूध, गहू आणि अंडे अगदी वर होते, म्हणजे तो रोज खात होता नेमके तेच. हिरव्या रकान्यात मात्र अशा कितीतरी गोष्टी होत्या की ज्यांची चवही त्याने कधी पाहिली नव्हती. हा योगायोग मला तेव्हाच खटकायला हवा होता. अहवालाची मांडणी इतकी देखणी, आकडे दशांश चिन्हापर्यंत इतके काटेकोर, की शंका घेणे म्हणजे अडाणीपणा वाटावा.

त्या खटकण्याचे कारण पुढे कळले ते असे. ही चाचणी रक्तातील आयजीजी जातीची प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) मोजते. आपण जे अन्न नेहमी खातो त्याची ओळख शरीर ठेवते आणि त्या ओळखीच्या खुणा म्हणून ही प्रतिद्रव्ये तयार होतात. निरोगी माणसातही ती असतात आणि अनेकदा त्या अन्नाला शरीर सरावले असल्याचेच ती लक्षण असते. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने 2008 मध्ये आणि कॅनडाच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने 2012 मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की अन्नाचा त्रास ओळखण्यासाठी या चाचणीचा आधार घेऊ नये. थोडक्यात, माझ्या मुलाला काय सोसत नाही याची यादी म्हणून मी जे विकत घेतले, ती प्रत्यक्षात तो काय खातो याची यादी होती. आणि ती मला तोंडपाठ होती.

दुसरी गफलत भाषेतली आहे. ‘संवेदनशीलता’ या एका मवाळ शब्दाखाली ही सेवा तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करते. खरी अन्न-ॲलर्जी बहुतेक वेळा आयजीई प्रतिद्रव्यांमुळे होते. ती खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा फार तर दोनेक तासांत अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, उलट्या किंवा श्वास कोंडणे अशा रूपाने दिसते आणि जिवावरही बेतू शकते. दुधातील साखर न पचणे हा आतड्यातील विकराच्या कमतरतेचा प्रश्न आहे. त्यात पोट फुगते, जुलाब होतात. सिलिॲक हा तिसरा विकार. गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटते. या तिन्हींच्या चाचण्या वेगळ्या, धोके वेगळे आणि उपायही वेगळे. पोट सतत दुखणारे, अंगाला खाज सुटणारे किंवा रात्री नीट न झोपणारे मूल वर्गात लक्ष देऊ शकणार नाही हे खरेच आहे, आणि म्हणूनच यांपैकी नेमके काय आहे हे कळणे महत्त्वाचे असते. अहवालात या भेदाला एक ओळही दिलेली नव्हती.

मग मी फसलेच कशी? याचे उत्तर ‘भोळेपणा’ एवढेच नाही. आहार आणि वर्तन यांचा काहीच संबंध नाही असे विज्ञान म्हणत असते तर मी जाहिरात बाजूला सारली असती. पण तसे ते म्हणत नाही. 1970 च्या दशकात बेंजामिन फाइनगोल्ड या अमेरिकी ॲलर्जीतज्ज्ञांनी कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि काही फळांत निसर्गतः असणारी सॅलिसिलेटे मुलांच्या अतिचंचलतेच्या मुळाशी असल्याचे मांडले. त्यांचा दावा त्या व्यापक स्वरूपात टिकला नाही. तरी 2007 मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 153 तीन वर्षांच्या आणि 144 आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला, त्यात कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हे परिरक्षक घातलेल्या पेयांनी मुलांची चंचलता थोडी वाढलेली आढळली. कोणत्या दिवशी कोणते पेय दिले हे ना पालकांना ठाऊक होते ना निरीक्षकांना, म्हणून या प्रयोगाला वजन आहे. परिणाम लहान होता आणि सर्व मुलांत सारखा नव्हता. तरीही टार्ट्राझिन, सनसेट यलो, क्विनोलिन यलो, कार्मोइसिन, अल्युरा रेड आणि पाँसो 4आर हे सहा रंग असलेल्या पदार्थांवर ‘मुलांच्या हालचालींवर व अवधानावर विपरीत परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना छापणे युरोपीय संघाने जुलै 2010 पासून बंधनकारक केले. पुढे 2012 मध्ये आधीच्या प्रयोगांचा एकत्रित विचार करणाऱ्या एका विश्लेषणाने असा अंदाज काढला, की एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचा विकार, असलेल्या मुलांपैकी सुमारे 8 टक्के मुलांची लक्षणे कृत्रिम रंगांशी निगडित असू शकतील. शंभरातली आठ मुले म्हणजे काही नगण्य संख्या नव्हे. पण उरलेल्या ब्याण्णव मुलांच्या पालकांना रंग सोडून अन्यत्र पाहावे लागणार हेही त्यातच आले.

सेवेच्या माहितीपत्रकात मात्र रंगांपेक्षा 2011 च्या एका अभ्यासाचा गौरव अधिक होता. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील चार ते आठ वर्षांच्या, एडीएचडी असलेल्या 100 मुलांवरचा हा अभ्यास. निम्म्या मुलांना पाच आठवडे अत्यंत मोजक्या पदार्थांवर ठेवले आणि त्या 50 पैकी 32 मुलांच्या वागण्यात लक्षणीय सुधारणा नोंदवली गेली. चौसष्ट टक्के! माहितीपत्रकात हा आकडा ठळक अक्षरांत होता. त्याच अभ्यासाचा उत्तरार्ध त्यात नव्हता, आणि माझ्या मते या सेवेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. उत्तरार्धात सुधारलेल्या मुलांपैकी 30 जणांना वगळलेले पदार्थ पुन्हा देऊन पाहिले: कधी रक्तातील आयजीजी जास्त असलेले, कधी कमी असलेले. 19 मुले पुन्हा बिघडली. पण बिघडण्याचा आणि आयजीजीच्या पातळीचा काहीच मेळ बसला नाही. म्हणजे जो अभ्यास दाखवून ही रक्तचाचणी विकली जाते, त्याच अभ्यासाने ती चाचणी निरुपयोगी ठरवली आहे. शिवाय पहिल्या टप्प्यात कोणते मूल आहारावर आहे हे पालकांना आणि शिक्षकांना माहीत होते. या ‘माहीत असण्या’ची किंमत काय असते, ते मला माझ्याच घरात कळले.

आमचे पाच आठवडे सुरू झाले. दूध, गहू, अंडे आणि लाल रकान्यातील आणखी अकरा गोष्टी बंद. मी रोज रात्री ॲपमध्ये चंचलतेचे गुण भरत असे. दहा म्हणजे अगदी अनावर. पहिल्या आठवड्याची सरासरी सात होती, तिसऱ्याची पाच, पाचव्याची चार. ॲपमधली रेषा दर रविवारी थोडी खाली उतरे, तिच्याखाली अभिनंदनाचा संदेश येई आणि घरातल्या सर्वांना मी ती अभिमानाने दाखवी. मुलाचे बाबाही म्हणू लागले, की फरक आहे.

वर्गशिक्षिकांना मी या प्रयोगाबद्दल बोलले नव्हते. त्यात शास्त्रीय हेतू काही नव्हता. प्रयोग फसला तर हसे होईल, एवढेच मनात होते. त्या मात्र महिनाभर आधीपासून शाळेच्या समुपदेशकांच्या सांगण्यावरून एका लहान वहीत रोज खुणा करत होत्या: जागा सोडली की एक खूण, मध्येच बोलला की एक, काम अपुरे राहिले की एक, आणि शेजारी तासिका. पाच आठवडे संपल्यावर मी ती वही मागून घेतली आणि माझ्या रेषेशेजारी ठेवली. आहारापूर्वीच्या चार आठवड्यांत दर दिवसाला सरासरी अकरा खुणा. आहाराच्या पाच आठवड्यांत अनुक्रमे अकरा, दहा, बारा, दहा, अकरा. मुलाने वर्गात काही बोलून दाखवले नसेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण आकड्यांत तरी त्याचा मागमूस नव्हता. जिला ठाऊक होते तिला सुधारणा दिसली. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना दिसली नाही. आणि ॲपमध्ये गुण भरण्याची सोय फक्त माझ्यासाठी होती.

हे काही माझ्या एकटीच्या स्वभावाचे वैगुण्य नव्हे. 1994 मध्ये अमेरिकेत पाच ते सात वर्षांच्या 35 मुलांवर आणि त्यांच्या मातांवर एक प्रयोग झाला. आपला मुलगा साखर खाल्ल्यावर बिथरतो असे या मातांचे म्हणणे होते. सर्व मुलांना साखर नसलेले, ॲस्पार्टेमने गोड केलेले पेय दिले. निम्म्या मातांना मात्र सांगितले, की मुलाला भरपूर साखर दिली आहे. त्या मातांनी आपली मुले अधिक चंचल असल्याचे नोंदवले. याहून बोचणारा भाग पुढे आहे: त्या मातांचे स्वतःचे वागणे बदलले होते. त्या मुलांच्या अधिक जवळ घुटमळत होत्या, अधिक टोकत होत्या. साखरेने मुले चंचल होतात ही समजूत तर 1995 मध्ये 23 प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातही टिकली नाही, तरी वाढदिवसाच्या गोंगाटात केकला दोष देणे काही थांबलेले नाही.

माझ्या बाबतीत तो बदल उलट्या दिशेने झाला असावा. वर्ज्य-आहारामुळे मला स्वयंपाक वेळेवर करावा लागे, मुलाच्या शेजारी बसून तो काय खातो ते पाहावे लागे, रात्रीचे जेवण लवकर होई. मी त्याच्याशी त्या पाच आठवड्यांत एरवीपेक्षा जास्त आणि सौम्य बोलले. संध्याकाळी घरात तो खरोखरच शांत झाला असेल, तर त्याचे श्रेय दुधाच्या पेल्याला देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होईल.

मुलाला याची झळ किती लागली हे कोणत्याही रेषेत उमटले नाही. एका रविवारी मित्राच्या घरून तो लवकर परत आला आणि म्हणाला, ‘‘माझं रक्त लाल यादीतलं आहे ना, म्हणून मी काही खाल्लं नाही.’’ अहवालातला लाल रंग त्याने पदार्थांना न लावता स्वतःला लावून घेतला होता. पाच आठवड्यांत त्याचे वजन सहाशे ग्रॅमनी उतरले. वाढत्या वयात वजन न वाढणे हेच काळजीचे, तिथे ते घटले.

आहारतज्ज्ञ बाई बोलायला शालीन होत्या आणि दुधाऐवजी, गव्हाऐवजी काय देता येईल याची त्यांची माहिती चांगली होती. परंतु त्या अहवालाला बांधलेल्या होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी मुलाची उंची, वजन, झोप, पोट साफ होणे, यांपैकी काहीही विचारले नाही. शाळेत फरक पडला नाही असे दुसऱ्या भेटीत सांगितल्यावर उत्तर आले, की शरीरातील विषद्रव्ये निघून जायला वेळ लागतो, आहार तीन महिने चालू ठेवा आणि नंतर चाचणी पुन्हा करून घ्या. ती पुन्हा करायची चाचणी अर्थातच सशुल्क होती. फरक पडला तर आहाराचे यश आणि नाही पडला तर वेळ अपुरा, अशी ज्या सेवेची रचना आहे, तिला चुकीचे ठरण्याची जागाच उरत नाही.

त्यानंतर मी बालरोगतज्ज्ञांकडे गेले. खरे तर आधी जायला हवे होते. त्यांनी अहवाल चाळून बाजूला ठेवला आणि विचारले, ‘‘गहू किती दिवसांपासून बंद आहे?’’ घराण्यात सिलिॲक असल्याचे कळल्यावर त्यांना त्याची तपासणी करायची होती, पण ती रक्ततपासणी ग्लुटेन खाण्यात असतानाच विश्वासार्ह ठरते. आधीच बंद केले तर विकार असूनही निष्कर्ष स्वच्छ येऊ शकतो. त्यामुळे किमान सहा आठवडे रोज गहू खाऊन मग तपासणी, असे ठरले. घरबसल्या चाचणीवरून पालक परस्पर गहू बंद करतात तेव्हा खऱ्या निदानाची वाट अशी अडते, आणि याची सूचना संचात कुठेही नाही. सहा आठवड्यांनी झालेली ती तपासणी सुदैवाने नकारात्मक आली.

त्या पहिल्या भेटीतच त्यांनी फेरिटिनही तपासायला लावले, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा. मुलाचे हिमोग्लोबिन ठीक होते, फेरिटिन मात्र कमी निघाले. मेंदूत डोपामिन हे अवधानाशी संबंधित संदेशवाहक रसायन तयार होण्यासाठी लोह लागते, आणि लोहाची कमतरता असलेल्या मुलांत थकवा, चिडचिड आणि अवधानाच्या तक्रारी आढळतात. लोहाचे औषध सुरू झाले, तेही मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण लोह जास्त झाले तर तेही घातक असते. आहार आणि अवधान यांची गाठ शोधायला मी निघाले होते आणि ती सापडलीही असेल; पण ती काय बंद करावे यात नव्हती, ताटात काय कमी पडते यात होती. ही सेवा फक्त वजाबाकी करते. ओमेगा-3 स्निग्धाम्लांचा परिणामही प्रयोगांत लहानच आढळला आहे, हे डॉक्टरांनी मी विचारण्याआधीच सांगून टाकले.

डब्याच्या तळाशी असलेले ते कोरे तक्ते मात्र मला उपयोगी पडले, आणि या परीक्षणात त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. दुसऱ्या आठवड्यापासून मी त्यांत जेवणाच्या वेळा, झोपेचे तास आणि सकाळी किती खाल्ले हे लिहीत होते. वर्गशिक्षिकांच्या वहीतील सर्वांत वाईट चौदा दिवस मी त्यांच्याशी ताडून पाहिले. त्यांपैकी नऊ दिवशी मुलगा सकाळी जवळजवळ काहीच न खाता शाळेत गेला होता आणि त्या दिवशीच्या बहुतेक खुणा मधल्या सुट्टीच्या आधीच्या दोन तासिकांत होत्या. हा पुरावा नव्हे, एका मुलाची नोंद आहे. पण सव्वाशे पदार्थांच्या रंगीत अहवालातून जे निघाले नाही ते एका पेन्सिलीने निघाले. सेवेने हे तक्ते डब्याच्या वर ठेवले असते आणि सुई तळाशी, तर क्रम बरोबर झाला असता.

अन्नाचा वर्तनाशी संबंध आहे का हे ज्यांना खरोखर पाहायचे आहे, त्यांनी आधी दोन आठवडे काहीही न बदलता फक्त लिहावे. संशय एखाद्याच गोष्टीवर येत असेल तर डॉक्टरांच्या किंवा मुलांच्या आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तेवढीच ठरावीक काळ थांबवावी, मग पुन्हा सुरू करून पाहावी, आणि गुण देण्याचे काम अशा व्यक्तीकडे सोपवावे जिला यातले काही ठाऊक नाही. कृत्रिम रंगांच्या पेयांसाठी इतक्या सोपस्काराची गरज नाही. ती बंद केल्याने पोषणाचे काहीच नुकसान होत नाही, आम्हीही केली. ज्या मुलाला एखाद्या पदार्थाने पूर्वी सूज, उलट्या किंवा धाप लागली आहे, त्याच्या बाबतीत मात्र घरी काहीही ‘करून पाहू’ नये.

उरलेल्या बाबी थोडक्यात. संचाची बांधणी आणि पोहोच उत्तम. ॲप वापरायला सोपे, पण मुलाच्या रक्ताच्या माहितीचे पुढे काय होते हे अटींमध्ये शोधायला अर्धा तास लागला आणि ती काढून टाकण्याच्या विनंतीला तीन वेळा स्मरण द्यावे लागले. ग्राहक-सेवा तत्पर, जोवर प्रश्न पैसे परत करण्याचा नसतो तोवर. पाचपैकी मी एक तारा देते, आणि तो तक्त्यांचा आहे.

वर्गशिक्षिकांची वही अजून चालू आहे. गेल्या आठवड्याची सरासरी आठ खुणांची आहे. मुलगा आता सकाळी खाऊनच बाहेर पडतो, रात्री लवकर झोपतो आणि लोहाचे औषध सुरू होऊन नऊ आठवडे झाले आहेत. यांतले नेमके कशामुळे, की केवळ ऋतू बदलला म्हणून, हे सांगता येणार नाही. औषधाबद्दल मी वर्गशिक्षिकांना अजून काही सांगितलेले नाही.